खिडकीतला मेंढपाळ

सँडरिंगहॅमला भारतीय मिठाईच्या दुकानात, पेढ्यांच्या रांगेत क्षितिजच्या पुढे बाप-लेक उभे होते, आणि त्यांचं बोलणं असं रंगलं की पठ्ठ्याने फोन खिशातच टाकला.

“धम्मदीना, चर्च आता आपलंय. विहार करायचाय तिथे. ती मेंढपाळाची रंगीत काच काढायची, आज कमिटीत मी तेच सांगणार.”

“बाबा, मी सायप्रसला गेलेले ना, तिथे सातशे वर्षांपूर्वीचं एक चर्च आहे. तुर्कांनी शहर जिंकलं आणि त्याची मशीद केली.”

“मग? ठेवल्या का त्यांनी काचा?”

“नाही. काचा गेल्या, मूर्ती गेल्या. पण चर्चचं तोंड पूर्वेला आणि मक्का दुसरीकडे. मग काय केलं असेल?”

“भिंती पाडल्या.”

“गालिचे तिरके टाकले. अजून तिरकेच आहेत. लोक तसेच नमाज पढतात, आणि चर्च उभंय.”

“अगं, त्यांनी जिंकलं होतं. आपण रीतसर विकत घेतलंय.”

“मग जिंकल्यासारखे काच फोडायला का निघालात?”

“वंदनेला बसल्यावर समोर मेंढ्या दिसणार.”

“तुमचे डोळे मिटलेलेच असतात. घोरता पण.”

“हळू बोल, मागचा मुलगा मराठी दिसतोय. हसतोय बघ.”

“अंकल, तुमचं काय?” काउंटरमागून दुकानदाराने विचारलं.

“दोन किलो पेढे. आणि अर्धा किलो वेगळे बांधा.”

“ते कोणाला, बाबा?”

“त्या चर्चवाल्या मार्गारेट आजींना. चावी द्यायच्या दिवशीसुद्धा ती काच पुसत होत्या. कशाने पुसायची, ते विचारून घेतो.”