नव्या खोक्यातली इस्त्री

हॅलो?… हो, ताईच बोलतेय. थांब, मिक्सर बंद करते… हं, बोल.

…अगं, भेटल्या वकीलबाई. उद्या तुला घेऊन या म्हणाल्या. इस्त्रीचा शॉक बसून हिचा नवरा गेलाय, दुकानदाराला ग्राहक मंचात उत्तर द्यावंच लागेल… हो, हो… अगं ऐक ना. बिल आणि ती इस्त्री, दोन्ही घेऊन जायचं. इस्त्री तर आधी. तिच्यावरच सगळं आहे.

…का? काय झालं?

…कोण आलं होतं? दुकानदार? स्वतः?

…भेटायला आला. बरं… रडलासुद्धा. बरं… चहा केलास तू त्याला?… नाही गं, चिडत नाहीये. दारात आलेल्या माणसाला… हो, कळतं मला. मग?

…नवी दिली. फुकट. खोक्यासकट… आणि जुनी?

…चिमे, जुनी कुठाय?

…नेली? आणि तू नेऊ दिलीस?… पिशवीपण तूच दिलीस.

…भला माणूस कसला गं तो? भाऊजी मागच्याच महिन्यात तीच इस्त्री घेऊन गेले होते ना त्याच्याकडे? हाताला झिणझिण्या येतात म्हणून? तेव्हा काय म्हणाला? वापरलेला माल परत घेत नाही. भाऊजी बिचारे मान खाली घालून परत आले. तेव्हा घेतली असती तर… आज बरी घेतली त्याने.

…नको रडूस. ऐक… बिल आहे, हो. पण बिलावर इस्त्री घेतली एवढंच दिसतं. ती बिघडलेली होती हे आता कशावरून दाखवायचं?

…आणखी काय विचारत होता?… हात ओले होते का?… मग तू काय सांगितलंस?

…‘असतील’?

…अगं, असतील काय? अंघोळ करून आले, तू टॉवेल दिलास, त्यांनी हात पुसले, मग शर्ट पसरला, मग इस्त्री धरली. तूच सांगितलंस मला. दवाखान्याच्या पायरीवर बसून पुन्हा पुन्हा हेच सांगत होतीस.

…हो, कोरडेच होते.

…कोरडेच गं. टॉवेल आधी दिलास तू.

…चिमे, मला काय विचारतेस? मी कुठे होते तिथे?

…हॅलो?