साक्षीला नणंद

दवाखान्यात एक्स-रेसाठी थांबले होते. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

“ताई, आता पुढे काय होणार?”

“डॉक्टर तपासून कागद देतील, तो पोलिसांना द्यायचा. मग ते तुझ्या नवऱ्याला बोलावतील. तक्रारीची प्रत जवळ आहे ना?”

“आहे. लगेच अटक करतील?”

“ते नाही सांगितलं चौकीतल्या बाईंनी. तू मात्र माझ्याकडेच राहायचंस.”

“त्यांनी मारल्याच्या तारखा विचारल्या तेव्हा घामच फुटला मला.”

“आणि शिवणाची वही काढलीस! ‘हात सुजला, गणवेश दोन दिवस उशिरा.’ सगळ्या तारखा हजर.”

“गिऱ्हाइकांना मात्र जिन्यावरून पडले म्हणायचे.”

“आपल्या घराला जिना तरी आहे का गं!”

दोघी खुदखुदल्या. फोन वाजला.

“सासूबाई. तक्रार मागे घे म्हणणार.”

“आण इकडे. आई, मी बोलतेय. नाही, कुणी फितवलं नाही तिला. साक्षीला माझं नाव आहे. मारताना मी पाहिलंय त्याला, आणि तूही. पोलीस विचारतील, तेव्हा खरं सांग.”

मग तिने फोन ठेवला.

“काय म्हणाल्या?”

“आधी रडली. मग म्हणाली, सांगेन. आणि तुला वेळेवर जेवायला घाल म्हणाली.”