होस्टेलच्या फोनची वीज

या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सर्वेसर्वा माननीय सोमेश्वरराव. व्यासपीठावरील संचालक मंडळी. आजच्या सत्कारमूर्ती, आपले संगणक आणि इंटरनेट सांभाळणाऱ्या फरहाना मॅडम. सहकारी प्राध्यापक, आणि मंठ्याच्या या महाविद्यालयातल्या माझ्या मुलींनो,

प्राचार्याला निरोपाचं भाषण करावं लागतं. निरोप द्यायचा की नाही, हे त्याला कोणी विचारत नाही. मीटिंगमध्ये मी हात वर केला होता. तेवढ्यात चहा आला. असो. अध्यक्षांचा शब्द आम्हाला शिरसावंद्य आहे.

मॅडमनी इथं काय केलं? होस्टेलच्या व्हरांड्यात, फोनशेजारी, स्विच नावाची पेटी आहे. इंटरनेटच्या वायरीतूनच ती फोनला आणि कॅमेऱ्यांना वीज देते. मागं एकदा होस्टेलच्या फोनची वीज गुपचूप गेली. आम्हाला पत्ताच नाही. होस्टेलात मोबाइलला बंदी. तिन्हीसांजेला आया याच फोनवर लेकींशी बोलतात. फोन लागेना म्हणून तृप्तीचे वडील मच्छिंद्रराव मोटारसायकल काढून आले आणि तिला कायमची घेऊन गेले. मी गेटपर्यंत विनवण्या करत गेलो. काय उपयोग? पोरगी हुशार होती हो.

त्यानंतर मॅडमनी स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे संगणकाला नेमून दिलेलं काम. त्यानं सारखं पेटीला विचारायचं, कोणत्या वायरीत किती वीज जाते, आणि कुठली बंद पडली की मॅडमच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा. पुन्हा त्या कारणानं एकही मुलगी गेली नाही. मंग संचालक मंडळ म्हणालं, मशीनच सगळं बघून राह्यलंय, तर बाईंचा पगार कशाला? उद्यापासून मेसेज प्राचार्यांना येतील. येतील ना, बिलकुल येतील. आल्यावर करायचं काय, ते मला कोण सांगणार?

आजचा कार्यक्रम मोबाइलवर थेट दिसावा, ही अध्यक्षांची इच्छा. म्हणून आपला शिपाई बबलू यानं मघाशी या हॉलात नवे कॅमेरे लावले, त्याच पेटीला जोडले. सत्कारमूर्तीला आजच्या दिवशी काम सांगायचं नाही, म्हणून मॅडमला कोणी विचारलं नाही. त्यांच्या अम्मी, रहिमुन्निसाबी, शहागडला खाटेवर पडून आपल्याला बघून राह्यल्या. त्यांना उठता येत न्हाई. लेकीच्या खांद्यावर शाल पडताना बघायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

मॅडम, उठलात का? बसा ना. मेसेज आला?

मंडळी, मागं ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. मॅडम म्हणतात, होस्टेलचा फोन गेला. नव्या कॅमेऱ्यांनी पेटीवर भार जास्त झाला, कॅमेरे काढावे लागतील.

अहो, अम्मी बघतायत ना? शाल अजून ताटातच आहे. पाच मिनिटं थांबा.

"सर, पोरींच्या आयांची फोनची वेळ झाली," म्हणतात. गेल्या बघा.

बबलू, कॅमेऱ्याचे दिवे विझले का रे? विझले. म्हणजे आता शहागडला काही दिसत न्हाई. मी बोलत राहतो. माझ्याकडं दुसरं काम तरी काय आहे?

कोण, उषाबाई? या, आत या. आपल्या होस्टेलच्या रेक्टर आहेत. काय म्हणता?

फोन सुरू झाला, आणि पहिलाच फोन अम्मींचा. विचारतायत, पोरगी दिसेना झाली, शाल घातली का.

आता मी काय करू? चित्र मला लावता येत न्हाई. मॅडमला ठेवून घेणं माझ्या हातात न्हाई. उषाबाई, ही शाल न्या. अध्यक्षांच्या हातून घालायची होती, आता तुम्हीच व्हरांड्यात मॅडमच्या खांद्यावर घाला, आणि तेवढा वेळ अम्मींचा फोन ठेवू नका.

अध्यक्ष महोदय, संचालक मंडळी, आपण वेळ काढलात, आभारी आहे. तोंडून काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला. आणि मुलींनो, व्हरांडा या भिंतीपलीकडंच आहे. टाळ्या जरा जोरात वाजवा. शहागडला ऐकू गेल्या पाहिजेत.