शीटमधलं शून्य

हॅलो? …हो, बोल ताई. वॉर्डातून बोलतेस ना? …अगं, ऑफिसातच आहे, सांग ना.

शून्य? कुठल्या रकान्यात? …औषधाचा डोस. चार नंबरच्या बाळाला शून्य मिलिलिटर? …हो, हो, शून्य द्यायचं असतं तर नाव कशाला घातलं असतं. थांब, घाबरू नकोस. बहुतेक नुसतं दिसण्यात घोळ असेल. त्या चौकटीवर क्लिक कर. आता वर, लांब पट्टीत काय दिसतंय? …पॉइंट चार. बघ, आकडा आहे तिथंच. कॉम्प्युटर फक्त जवळच्या पूर्ण आकड्यात दाखवतोय.

शीटला कुणी हात लावला होता? …तू? काय केलंस? …पानावर मावेना म्हणून रकाना बारीक केलास. मग आकड्यांच्या जागी सगळीकडे जाळीसारख्या खुणा आल्या. …आणि त्या जाईपर्यंत शून्य आणि बाणाचं बटण दाबत राहिलीस. …अगं ऐक ना, रागावत नाहीये. त्या बटणानं पॉइंटनंतरचं दिसायचं बंद होतं.

अख्ख्या रकान्याला लावलंस? …बरं. बाकीची बाळं वाच. …दोनला दोन. वर? …दोनच. ठीक. पुढं? …सहाला एक. वर पट्टीत बघ.

पॉइंट पाच.

ताई, ही शीट छापलीस का? …कधी? …आणि सकाळी आठ वाजताचा डोस कागद बघून दिला? …तुम्ही रोजच कागद बघून देता, कळलं मला. कुणी दिला?

…तू.

कसलं औषध आहे? …हृदयाचं. …नाही, आत्ता रडू नकोस. सहाच्या बाळाजवळ जा. फोन कानालाच ठेव. ठोके मोज, पूर्ण एक मिनिट. मी घड्याळ लावते. …हं. …हं.

झालं मिनिट. किती? …चौऱ्याऐंशी. पहाटे किती लिहिलेत? …एकशे छत्तीस.

डॉक्टर कुठं आहेत? …मग हाक मार. सहाला दुप्पट गेलाय म्हण, आठ वाजता. चारच्या बाळाला काहीच गेलं नाही, तेही सांग. …काय? …नाही. शीट मी नीट करून देणार नाही. सेव्हही करू नकोस. …माहितीये गं, नोकरी जाईल. तो कागद फाडू नकोस, डॉक्टरांच्या हातात दे.

…माझ्याशी नको बोलूस, ताई. फोन ठेव.

ठेव म्हणते ना.

…बरं, मीच ठेवते.