मधातली बोरी

गुडघ्याचं काय सांगू तुमाले, काही समजतच नव्हतं. सायकल चालवली का दुखे, पायी गेलो का नाई. सीट वर करून पाह्यली, खाली करून पाह्यली, तेल चोळलं, पण दुखणं तसंच.

एक दिवस पोंभुर्ण्याच्या बाजाराले चाललो होतो. बायको मागून तिच्या सायकलवर. म्हणाली, "अवं, गुडघे असे बाहेर फाकवून काऊन चालवून राह्यले?"

म्हटलं, "सायकलच्या मधात, दांड्याखाली, मोहफुलं भरलेली बोरी अडकवली असते ना. गुडघे लागतात तिले."

"कुठी हाय बोरी?"

मी खाली पाह्यलं. मोहाचा हंगाम सरून धानाची रोवणीही झाली होती.

आता गुडघे आत घेऊन चालवतो, दुखत नाई. पण बाजारात पोचलो का अजूनही पहिले बोरी उतरवाले वाकतो.