कानशिलापाशी ओला थर

मंडळी, बसा. बोलायला उठलो खरा, पण आधी तुमची विचारपूस करतो. सुमनवहिनी, काल तरी चार घास पोटात गेले का? प्रकाश, बाळा, पाठ कशी आहे? संजू, ताप उतरला ना? बरं.

आमचा दत्तोबा गेला. आमच्या खर्डा गावात त्याच्यासारखी तैलचित्रं कुणी केली नाहीत. मी पाट्या रंगवणारा. त्याच्याजवळ बसून बसून शिकलो. जवसाच्या तेलात राळ विरघळवायची, ती रंगात घालायची, पातळ पातळ थर द्यायचे. एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. "खालचा थर उपाशी ठेव, वरच्याला तेल पाज," म्हणायचा. घाई केली की खवळायचा. "भाकरी आहे का ती, लगेच उलटायला?"

त्याच्या फोटोशेजारी ठेवलंय ते त्याचं शेवटचं चित्र. लग्नातल्या सुमनवहिनी. वर्षानुवर्षं थर देत राहिला.

आता मनातलं बोलतो. परवा मी चित्राला बोट लावलं. कानशिलापाशी चिकटलं. दत्तोबानं दिवाळीपासून कुंचला धरला नव्हता. मग हा ओला थर कुणाचा? आणि थर कसला, तर पांढऱ्या केसांचा. नवरीच्या डोक्यावर पांढरे केस.

माझं डोकं फिरलं. आधी संशय संजूवर. शिष्य तो, खोलीची किल्ली त्याच्याकडे. "आईशप्पथ काका, मी न्हाई. सरांच्या चित्राला हात लावायची माझी टाप हाय का?" तरी मी त्याची नखं बघितली. मग प्रकाशला गाठलं. तो म्हणाला, "काका, मला कुंचला कुठं धरायचा ते कळत नाही. तुम्हीच पुसा ते. बाबांचं चित्र बाबांचंच राहू द्या."

पुसता येतं. खालचे थर दगडासारखे झालेत, वरचा टर्पेंटाईनच्या बोळ्यानं निघेल. पण एकदा वाळला की कायमचा बसला. म्हणून बोळा पिशवीत घालूनच आलोय.

मघाशी मात्र चित्र उजेडात नीट पाहिलं. थर स्वच्छ आहे. राळेची एक कणी नाही. संजू राळ कधी गाळत नाही, त्याच्या रंगात खडे लागतात. या घरात राळेचं तेल जुन्या लुगड्यातून गाळणारं माणूस एकच. त्याच माणसाला दत्तोबा विचारायचा, "काय, झालं का चित्र?" उत्तर यायचं, "ही कोण पोरगी? मी कुठाय यात?" तो हसायचा. म्हणायचा, "अजून एक थर बाकी आहे."

वहिनी, मान खाली असू द्या. चारचौघांत उत्तर मागत नाही. तो थर त्यानं तुमच्यावर सोपवला होता, की तुम्ही रुसून दिलात? माझा संशय अजून फिटला नाही. पण चित्र तुमचं आहे, एवढं मला कळलं. प्रकाश, तू यात पडू नकोस.

वहिनी, ठेवू की पुसू, दोन ओळी लिहून पाठवा. पण लवकर लिहा. थर वाळत चाललाय. तोवर पिशवीची गाठ मी सोडत नाही.

चला, दत्तोबासाठी थोडा वेळ गप्प उभे राहू. उठताना चित्राला धक्का लावू नका. ओलं आहे अजून.