झरीत सांगायचं राहिलं होतं

बाईसाहेब, वकील मंडळी, गावकरी मंडळी, मला शोकसभेत बोलायला येत न्हाई. पण मघापासून खुर्चीवर बसवतबी न्हाई. तीनदा उठलो, तीनदा बसलो. आता उठलोच हाय, तर बोलू द्या.

मी झरीचा माणिक. वकीलसाहेबांचा जुना पक्षकार. साहेबांचं मोठेपण तुमी सगळ्यांनी सांगितलं. काळा कोट पिशवीत घालून पिंगळी गावाहून सायकलीवर कोर्टात यायचे. मग जिल्हा परिषदेत दोनदा निवडून गेले. आमच्या शाळेच्या खोल्या त्यांनीच आणल्या. सगळं खरं हाय. पण तिसऱ्या टायमाला साहेब पडले. कशानं पडले, हे कुणीच बोललं न्हाई. कोण बोलणार? ते मला ठाऊक हाय. मीच पाडलं त्यांना.

तवा माझा आन् दत्ताचा, माझ्या सख्ख्या भावाचा, बांधाचा दावा चालू होता. साहेब माझे वकील. एक दिवस त्यांची गाडी दत्ताच्या आखाड्यावर, शेतातल्या घरापुढं, उभी दिसली. आत चहा चाललेला. माझं डोकंच फिरलं. तसाच पारावर गेलो आन् बोललो, "वकील फुटला! दत्तानं फोडला." मतदान चार दिवसांवर आलेलं. दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला कळलं आन् झरीची मतं फिरली.

निवडणुकीचा निकाल लागल्यावर साहेबांनी बोलावलं. त्यांनी कागद पुढं सरकवला. "बांध मागं घ्यायला दत्ता तयार झालाय. त्या दिवशी आखाड्यावर लय विनवावं लागलं त्याला. कर सही."

मी रडलो. म्हणलो, "साहेब, माझं चुकलं. मी गावात सांगतो."

"सांग की," म्हणले. तेवढंच.

सांगितलं का मी? न्हाई. आज सांगू, उद्या सांगू. लाज वाटायची. साहेब पुन्हा कधी उभे राहिले न्हाईत.

गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटायला गेलो. माझा हात धरून म्हणले, "माणिक, झरीत सांगितलंस का रे?"

मी म्हणलो, "हो साहेब."

तेबी खोटं! जाणाऱ्या माणसाशी खोटं बोललो मी. तवापासून घास गिळंना झालाय.

झरीची मंडळी, आलात ना सगळे? दत्ता, तूबी हायेस ना? मग ऐका. साहेब फुटले नव्हते. मी खोटं बोललो. पारावर बोललो होतो, आता माइकवर मागं घेतो.

चला, साहेबांसाठी दोन मिनिटं गप उभे राहू. दत्ता, तिकडं लांब नको. इकडं ये, माझ्या शेजारी.

साहेब, झरीत सांगितलं.